दिसते तसे नसते

आपल्या शाळेच्या जिन्याशेजारी काचेची दारे असलेला एक वार्ताफलक आहे. ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल, त्यांतील अनेक माजी विद्यार्थ्यांनी त्या फलकावर कधी ना कधी सुविचार लिहिला असेल, किंवा त्याच्यापुढे गर्दी करून परीक्षेचे वेळापत्रक उतरवून घेतले असेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये, महासाथीमुळे निम्मे वर्ग अजून रिकामे असताना, मी त्या फलकावर स्वतःच्या हाताने वर्तमानपत्राचे एक कात्रण लावले. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील गुहेत सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म सापडल्याची ती बातमी होती. दोनच वर्षांनी ती बातमी चुकीची ठरली.

हीरक महोत्सवी अंकात मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीचा आलेख मांडावा, अशी रीत आहे. तो आलेख या अंकात अन्यत्र आलेलाच आहे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून मी त्या कात्रणाचा इतिहास सांगणार आहे. त्यात विंध्याचल आहे, आपले बंगळूर आहे आणि मंगळ ग्रहही आहे.

भीमबेटका हे नाव मराठी वाचकाला परके नाही. भोपाळच्या दक्षिणेला, रायसेन जिल्ह्यात, विंध्य पर्वताच्या टेकड्यांमध्ये शेकडो शैलाश्रय आहेत आणि त्यांतील अनेकांच्या भिंतींवर आदिमानवाने रंगवलेली चित्रे आहेत. या चित्रांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते विष्णु श्रीधर वाकणकर यांनी. १९५७ साली रेल्वेने जाताना खिडकीतून त्यांना त्या खडकांची घडण वेगळी वाटली. युरोपातील चित्रगुहांचे खडक त्यांना ठाऊक होते. त्यांनी केवळ साम्यावर समाधान मानले नाही. ते उतरले, टेकडी चढले आणि गुहांत शिरून पाहिले. पुढे १९७०च्या दशकात स्वतः वाकणकरांनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनी तेथे उत्खनने केली. २००३ साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दुरून काहीतरी दिसणे आणि जवळ जाऊन त्याची खात्री करणे, या दोन पायऱ्या वाकणकरांच्या शोधात स्पष्ट वेगळ्या दिसतात. आपल्या कथेचे सारे मर्म या दोन पायऱ्यांतील अंतरात आहे.

मार्च २०२० मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषद भरायची होती. महासाथीमुळे ती पुढे ढकलली गेली. पण त्याआधी काही भूशास्त्रज्ञ भीमबेटका पाहून आले होते. ज्या प्रशस्त गुहेला ‘ऑडिटोरियम केव्ह’ म्हणतात, तिच्या छताकडे पाहताना त्यांना एक आकृती दिसली. जमिनीपासून सुमारे ११ फूट उंचीवर, झाडाच्या पानासारखी, मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना बारीक रेघा गेलेली. त्यांना ‘डिकिन्सोनिया’ आठवला.

डिकिन्सोनिया हा काही काल्पनिक प्राणी नव्हे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील एडियाकारा टेकड्यांत रेग स्प्रिग यांना त्याचे ठसे मिळाले आणि १९४७ साली त्यांनी त्याला हे नाव दिले. चपटा, लंबगोल, ना डोके ना पाय, असा हा जीव ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावर पसरून राहत असे. तो प्राणी, वनस्पती की आणखी काही, यावर अनेक दशके वाद चालला. २०१८ साली रशियातील श्वेत समुद्राकाठच्या ठशांमध्ये कोलेस्टेरॉलचे अवशेष सापडले आणि तो प्राणीच असल्याचा भक्कम पुरावा मिळाला. असा जीव भारतात सापडणे ही मोठीच गोष्ट होती. ओरेगन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गोंडवाना रिसर्च’ या नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. २०२१च्या फेब्रुवारीत बातमी जगभर गेली आणि आपल्या फलकावरही आली.

या शोधाने केवळ एका प्राण्याचा पत्ता सांगितला नव्हता. विंध्यातील त्या वालुकाश्माचे वय किती, हा भारतीय भूशास्त्रातील जुना वाद आहे. काही अभ्यासकांच्या मते तो सुमारे १०० कोटी वर्षांचा आहे. गुहेतील आकृती खरोखर डिकिन्सोनिया असेल, तर तो खडक त्याच्या जवळजवळ निम्म्या वयाचा ठरत होता. म्हणजे छतावरच्या हातभर लांबीच्याही न भरणाऱ्या एका आकृतीवर अख्ख्या पर्वताच्या वयाचा निवाडा टांगलेला होता.

आणि त्या आकृतीला कोणी हात लावलेला नव्हता. जागतिक वारसास्थळी खडकाचा कपचा काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे सारा अभ्यास छायाचित्रांवर आणि छायाचित्रांवरून संगणकात उभारलेल्या त्रिमितीय प्रतिकृतीवर झाला. कपचा नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला काप नाही, रासायनिक परीक्षण नाही. जीवाश्म ओळखण्याच्या ज्या नेहमीच्या कसोट्या, त्यांपैकी एकच हाती उरली : आकारातील साम्य.

२०२२च्या अखेरीस फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट त्याच गुहेत गेले. विंध्य खडकांच्या वयाचा अभ्यास ते अनेक वर्षे करत होते. जयपूरचे भूशास्त्रज्ञ मनोज पंडित हेही या कामात त्यांचे सहकारी होते. त्यांनी पाहिले, तर ती आकृती खडकावरून सुटून गळू लागली होती. ५५ कोटी वर्षे टिकलेला ठसा दोन-तीन वर्षांत पापुद्र्यासारखा कसा सुटेल? मग त्यांनी आजूबाजूला नजर टाकली. गुहेत ठिकठिकाणी मधमाश्यांची पोळी लटकत होती. काही ताजी, काही उजाड झालेली. जुने पोळे गळून पडले, की त्याच्या बुडाचा मेणाचा थर खडकाला चिकटून राहतो आणि घरांच्या रांगा पानाच्या शिरांसारख्या दिसतात. डिकिन्सोनिया म्हणून जगभर गाजलेली ती आकृती एका जुन्या पोळ्याचा अवशेष होती.

ही बातमी वाचताना मला हसू आले नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळ पाहिलेला एखादा गुराखी त्या गुहेत असता, तर त्याने कदाचित त्या आकृतीचे मूळ चटकन ओळखले असते. पण तो गुराखी त्या चमूत नव्हता, आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते. प्रत्येक माणूस आपल्याला जे ठाऊक असते तेच पाहतो. ज्याने आयुष्यभर प्राचीन जीवांचा अभ्यास केला, त्याला पोळ्यात प्राचीन जीव दिसला.

मात्र या कथेतील सर्वांत मोलाचा भाग याच्या पुढे आहे. रिटॅलॅक यांनी वाद घातला नाही. नवा पुरावा पाहून त्यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली. आपल्या नावावर आलेला एवढा मोठा शोध मागे घेणे किती जड असते, हे ज्यांनी वर्गात एकदा तरी फळ्यावर चुकीचे उत्तर लिहिले आहे आणि पुढच्या बाकावरच्या मुलाने ते दाखवून दिले आहे, ते शिक्षक जाणतात.

आता थोडे मागे, २०१४ सालाकडे जाऊ. त्या वर्षी २४ सप्टेंबरच्या सकाळी आपले मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले. त्याचे नियंत्रण आपल्याच शहरातून, पीण्याच्या केंद्रातून होत होते. त्या दिवसांत शाळेत मंगळाशिवाय दुसरा विषय नव्हता. याच सुमारास आठवीतील एका मुलाने मला एक छापील चित्र आणून दाखवले. अमेरिकेच्या ‘क्युरिऑसिटी’ या बग्गीने ऑगस्टमध्ये मंगळावर टिपलेले ते छायाचित्र होते आणि त्यात मांडीच्या हाडासारखे काहीतरी पडलेले दिसत होते. “बाई, मंगळावर हाड!” त्याचे डोळे चमकत होते.

मी चित्र नीट पाहिलेही नाही. “असल्या अफवांवर विश्वास ठेवू नकोस,” एवढे बोलून ते परत केले. तो म्हणाला, “पण बाई, तुम्ही बघितलंच नाही.”

त्याचे चित्र खरे होते. अर्थ तेवढा चुकला होता. नासाच्या शास्त्रज्ञांनी त्याच महिन्यात खुलासा केला होता, की तो वाऱ्याने वा पाण्याने झिजलेला दगड असावा. मोठे प्राणी जगण्याजोगा प्राणवायू मंगळावर कधी असल्याचा पुरावा नाही, म्हणून तेथे तसे हाड मिळण्याची अपेक्षा नाही. ही कारणे त्या मुलाला सांगण्याजोगी होती. मी कारणे दिली नाहीत, केवळ निकाल दिला. सात वर्षांनी भीमबेटकाची बातमी आली, तेव्हाही मी कारणे तपासली नाहीत, केवळ निकाल स्वीकारला. एकदा न पाहता नाकारले, एकदा न पाहता मानले. या दोन चुका परस्परविरुद्ध वाटतात. पण त्या एकच आहेत.

मंगळाने माणसाच्या डोळ्यांना असे अनेकदा चकवले आहे. २५ जुलै १९७६ रोजी ‘व्हायकिंग-१’ यानाने सायडोनिया नावाच्या प्रदेशाचे छायाचित्र घेतले. त्यात सुमारे दोन किलोमीटर आकाराच्या एका टेकडीवर माणसाचा चेहरा दिसला. हा सावल्यांचा खेळ आहे, असे शास्त्रज्ञांनी छायाचित्रासोबतच सांगितले होते; तरी पुढे कित्येक वर्षे त्या चेहऱ्यावर पुस्तके निघत राहिली. १९९८ आणि २००१ मध्ये ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ने त्याच जागेची दहापटीहून अधिक स्पष्ट छायाचित्रे घेतली. तेव्हा उरली ती झिजलेली टेकडी. ढगात हत्ती आणि भिंतीवरच्या ओलीत म्हातारा पाहणारे आपले मन मंगळावरही तेच करते. आईचा चेहरा ओळखण्यासाठी लहान बाळाला जी शक्ती मिळते, तीच ही शक्ती. ती दोष नव्हे; पण ती पुरावाही नव्हे.

१९९६ची घटना अधिक गंभीर होती. अंटार्क्टिकावर १९८४ साली मिळालेली, मंगळावरून आलेली एक उल्का डेव्हिड मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. तिच्यात त्यांना अळीसारखे अतिसूक्ष्म आकार आढळले. येथे दगड प्रत्यक्ष हाती होता, रासायनिक परीक्षणे झाली होती, आणि तरीही इतर प्रयोगशाळांनी एकेक मुद्दा तपासला, तेव्हा प्रत्येकाचे निर्जीव स्पष्टीकरण निघू लागले. ते आकार जिवंत पेशी मावण्यासही फार लहान होते. आज बहुसंख्य शास्त्रज्ञ तो दावा मान्य करत नाहीत. पण त्या वादातून परग्रहावरील जीवनाच्या खुणा कशा तपासाव्यात, याचे शास्त्रच अधिक काटेकोर झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘पर्सिव्हिअरन्स’ बग्गीला मिळालेल्या ठिपकेदार खडकाविषयी निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा शास्त्रज्ञांनी ‘संभाव्य’ हा शब्द सोडला नाही. जीवाणूंच्या क्रियेने असे ठिपके पडू शकतात, जीवनाशिवायही पडू शकतात. नमुना पृथ्वीवर आणून तपासल्याखेरीज निकाल नाही, अशी त्यांची भूमिका आहे. त्या ‘संभाव्य’ शब्दामागे मागच्या अनुभवांचे शहाणपण आहे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की मग शंका घेणे हाच विज्ञानाचा धर्म. जे नवे, ते नाकारावे. त्यांच्यासाठी आपल्या बंगळूरशी जोडलेली एक कथा सांगते.

गवीपुरम भागात जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचे कार्यालय आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे नियतकालिक बी. पी. राधाकृष्ण यांनी दीर्घकाळ निष्ठेने सांभाळले. १९९८ साली त्यात डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतील रफत जमाल आझमी यांचा निबंध आला. सोन नदीच्या खोऱ्यातील विंध्य खडकांत आपल्याला सूक्ष्म जीवाश्म मिळाले असून ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवांसारखे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुन्हा विंध्यच, आणि पुन्हा खडकाच्या वयाचाच प्रश्न. ते खडक त्याहून कितीतरी प्राचीन मानले जात होते. मोठे वादळ उठले. हिमालयातील जीवाश्मांविषयीचा एक मोठा अपप्रकार १९८९ साली उघडकीस आलेला होता. ती जखम ताजी होती. आझमींच्या जीवाश्मांच्या खरेपणावरच शंका घेतली गेली. निरीक्षण चुकले असे म्हणणे वेगळे आणि निरीक्षकाच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवणे वेगळे. दुसरे फार जिव्हारी लागते.

स्वीडनच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयातील स्टेफान बेंगट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ना नुसती शंका घेतली, ना नुसता विश्वास ठेवला. त्यांनी विंध्यातून नवे नमुने गोळा केले. २००९ साली त्यांचे निष्कर्ष आले. जीवाश्म खरोखरच होते. आझमींनी खोटे काही दाखवले नव्हते. पण खडकाचे वय ५४ कोटी नव्हे, सुमारे १६५ कोटी वर्षे निघाले. प्राण्यांच्या भ्रूणांसारखे दिसणारे काही गोल आकार तर जीवाश्मही नव्हते. ते सूक्ष्मजीवांच्या चिकट थरात अडकलेल्या वायूचे बुडबुडे होते. एकाच दगडात खरा जीवाश्म आणि जीवाश्माचा आभास शेजारी शेजारी नांदत होते.

२०१७ साली याच गटाने चित्रकूटच्या खडकांतील तंतूंच्या आतली रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिली आणि ते बहुधा लाल शैवाल असावे, असे मत मांडले. तसे असेल, तर त्यापूर्वी ठाऊक असलेल्या लाल शैवालाहून ते सुमारे ४० कोटी वर्षांनी जुने ठरते. त्यातील एका जीवाला त्यांनी नाव दिले ‘रफतआझमिया चित्रकूटेन्सिस’. ज्याच्या शब्दावर संशय घेतला गेला, त्याचे नाव त्या दगडातल्या जीवाला कायमचे लाभले. आझमींचा काळाचा अंदाज चुकला होता, पण त्यांची नजर खोटी नव्हती. सरसकट नाकारणाऱ्यांचे ऐकले असते, तर हा ठेवा दगडातच राहिला असता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे सारे ओळखीचे वाटावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे शोधत राहिले, ते अस्सल कागद पाहिल्यावाचून इतिहास लिहू नये या आग्रहापोटी. बखरीत लिहिले आहे म्हणून मानायचे नाही आणि बखर आहे म्हणून फेकायचीही नाही, ताडून पाहायचे. दगड आणि दप्तर यांना लावायची कसोटी एकच आहे. आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात शाळिग्राम असेल. गंडकीच्या पात्रातून आलेल्या त्या काळ्या दगडातील चक्र हा अमोनाइट नावाच्या प्राचीन सागरी प्राण्याचा जीवाश्म असतो. पिढ्यान्पिढ्या आपण खरा जीवाश्म हाताळला आणि तो जीवाश्म आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते. भीमबेटकाच्या छतावर जीवाश्म नव्हता आणि तो आपल्याला दिसला. डोळ्यांचा दोष दोन्हीकडे नाही. डोळ्यांवर सोपवू नये असे काम आपण त्यांच्यावर सोपवतो.

२०२३ साली पोळ्याची बातमी आली, तेव्हा मी एका दुपारी, शाळा सुटल्यावर, ते जुने कात्रण काढायला फलकापाशी गेले. कोणाच्या नजरेस न येता ते काढावे, असेच माझ्या मनात होते, हे कबूल करायला हवे. नववीतील एक मुलगी बसची वाट पाहत तेथे उभी होती. काय काढता, म्हणून तिने विचारले. मी सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मोठ्या बाई, काढून टाकलं, तर आपण चुकलो होतो हे कुणाला कळणार कसं?”

मी कात्रण काढले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी दुसरे कात्रण लावले आणि प्रार्थनेनंतर दोन्ही मोठ्याने वाचून दाखवली. वर्गांत त्या दिवशी फार प्रश्न आले. काहींची उत्तरे मला आली नाहीत. तीही आम्ही वहीत लिहून ठेवली. २०१४ साली ते चित्र आणणारा मुलगा आता मोठा झाला आहे. हा अंक त्याच्यापर्यंत पोहोचला, तर त्याने एवढे जाणावे, की त्या दिवशी बाईंनी चित्र पाहायला हवे होते.

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, असे आपण म्हणतो. ती म्हण खरी आहे. पण आझमींचे जीवाश्म दिसले तसेच जीवाश्म निघाले, हेही खरे आहे. कोणत्या वेळी काय खरे, हे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. महोत्सवाला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी जिन्याजवळ जरा थांबावे. ती दोन्ही कात्रणे, थोडी पिवळी पडलेली, अजून तेथेच आहेत.